मागितल्यावरच द्यायचं औषध

आमच्या घरी काविळीचं औषध मिळायचं. हे सांगितलं की आजची पोरं विचारतात, आजी, दवाखाना होता का तुमचा? दवाखाना कसला डोंबलाचा! शिरड शहापूरपासून पायी तासाभरावरचं गाव, माळवदाचं तीन खणांचं घर, पुढं अंगण, अंगणाला बोरीच्या काट्यांचं कुंपण, आणि उंबऱ्याच्या आत पाट्याशी बसलेली माझी सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची. औषध त्या द्यायच्या. त्या घरात मला जी भीती वाटली ती त्या औषधाचीच वाटली, भुताखेताची नाही.

चौदाव्या वर्षी लग्न होऊन मी तिथं आले. माझं माहेर कनेरगावच्या नाक्यापलीकडे, वऱ्हाडात. नाक्याच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजाचं, आणि मधे गाठोडी सोडून बघणारे शिपाई. बैलगाडीनं वाटेत मुक्काम करत जावं लागायचं. म्हणून दिवाळीला माहेरी न्यायला मुराळी आला तर आला, नाहीतर पुढच्या दिवाळीची वाट बघायची. माझ्या वऱ्हाडी बोलण्याला गावातल्या बाया हसायच्या. आत्याबाई हसायच्या नाहीत. त्या मुळी कशालाच हसायच्या नाहीत, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

औषध म्हणजे भुईआवळी. त्यात काही मोठं गुपित नव्हतं. वीतभर उंचीचं झाड, चिंचेसारखी बारीक पानं, आणि पानांच्या खाली ओळीनं लागलेली मोहरीएवढी फळं. दिसायला अगदी आवळे, पण बाहुलीच्या घरातले. पाऊस चांगला झाला की पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या तासांत, धुऱ्यावर, कुठंही आपोआप यायची. निंदणाऱ्या बाया तण म्हणून ती उपटून बांधावर फेकायच्या. आत्याबाईंना ते खपायचं नाही. आमच्या शेतात निंदणाला येणाऱ्या बायांना त्या आधीच बजावायच्या, आणि तरी कोणी उपटलीच तर दिवसभर तिच्याशी बोलायच्या नाहीत.

हे झाड उठलं आणि उपटलं असं चालत नसे. आदल्या दिवशी सांजेला त्याला आवतन द्यावं लागे. दिवस बुडाला की भुईआवळी पानं मिटून घेते, म्हणून त्याच्या आत जायचं. बुडाशी चार तांदूळ टाकायचे, कुंकवाचं बोट लावायचं आणि म्हणायचं, ‘उद्या न्यायला येते, चल माझ्यासंगं.’ हळद मात्र लावायची नाही. पावसाळ्यातले ते दोन-तीन महिने आत्याबाईंच्या हाताला हळद लागायचीच नाही. आमच्या घरचं वरण पांढरं असायचं. नवीन असताना मी एकदा सवयीनं चिमूट टाकली, तर त्यांनी ते सगळं वरण म्हशीपुढं ओतलं. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाड मुळासकट आणायचं, धुऊन पाट्यावर वाटायचं, फडक्यातून पिळून तो हिरवा रस वाटीभर ताकात घालायचा. असं तीन सकाळ, अनशापोटी. पुढं तेल, तिखट, हळद बंद. ज्वारीच्या कण्या आणि ताक, मिळाला तर मुळा. पोट फुगणारे, अन्न न पचणारे, उजव्या कुशीत हाताला टणक दडस लागणारे, डाव्या कुशीत पानथरी वाढलेली लेकरं, असे सगळेच यायचे. उन्हाळ्यात हिरवं झाड कुठलं! तेव्हा सावलीत वाळवलेल्या झाडाची पूड ताकातून द्यायच्या. जवळा बाजारला एक माळवाला बसायचा. तो सुतात काड्या गुंफलेली काविळीची माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायचा. ती दिवसादिवसाला वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली म्हणायचा. आत्याबाईंना त्याचा भारी राग. ‘काड्या वाळल्या की सूत ढिलं पडतं, दुसरं काय,’ म्हणायच्या. ‘अशी माळ खांबाला बांधली तर खांबाची बी कावीळ उतरंल.’ त्यांच्या तोंडून ऐकलेला हा एवढाच विनोद, आणि तोही त्या विनोद म्हणून बोलल्या नसाव्यात.

आता ज्यावर हे सगळं फिरतं ते सांगते. औषध मागितल्यावरच द्यायचं. रोग्याच्या घरच्या किंवा रक्ताच्या माणसानं स्वतः यायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून हाक मारायची, नजर खाली ठेवायची. आतून देणाऱ्यानं विचारायचं, ‘रोगी तुझं कोन?’ त्यानं नातं सांगायचं. मग आत झाड वाटायचं आणि वाटी उंबऱ्यावरून बाहेर द्यायची. मागणाऱ्यानं आत यायचं नाही, देणाऱ्यानं बाहेर जायचं नाही. मागितल्याशिवाय दिलं तर हाताचा गुण जातो, आणि त्यानंतर त्या दारात येणारा एकेक रोगी वाया जातो, अशी पक्की समजूत. रोग्यानं स्वतः मागितलेलंही चालत नसे. आणि खुद्द देणाऱ्याच्या घरात कोणी पडलं तर? आपणच मागणार आणि आपणच देणार, हे कसं व्हायचं? घरच्या सुनेला झाली तर तिच्या माहेरच्यांनी येऊन मागावं. सासरी गेलेल्या लेकीला झाली तर तिच्या सासरच्यांनी. बाकी देणाऱ्याच्या घराला ते औषध नाहीच.

आता या वयात दवाखान्यातल्या बाईंनी मला सांगितलं की कावीळ पुष्कळांची नुसत्या पथ्यानं आणि पडून राहिल्यानंही उतरते, आणि काहींची कशानंच उतरत नाही. भुईआवळीत गुण आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. मी ती प्यायले आहे आणि जिवंत आहे, एवढंच मला ठाऊक. पण त्या काळी आमच्या भागात कोणाला शंका नव्हती, आणि आत्याबाईंना तर तिळभरही नव्हती. त्यांना थोडी शंका असती तर फार बरं झालं असतं.

मी आले त्या पहिल्याच पावसाळ्यात मला एक गोष्ट दिसली. सकाळी मी जात्यावर बसलेली असायची, बाहेर नुसतं फटफटत असायचं, आणि आत्याबाई हातातलं काम टाकून दाराशी जायच्या. ‘कोन हाय?’ म्हणायच्या. मग थोडं थांबून, ‘रोगी तुझं कोन?’ मी जातं थांबवून कान द्यायची. बाहेर कोणी नसायचं. त्या दारात उभ्या राहून रिकाम्या अंगणाकडे बघत राहायच्या. कुंपणाचा झापा लावलेला असायचा, चिखलात पाऊल उमटलेलं नसायचं. मग माघारी येऊन म्हणायच्या, ‘कुणी हाक मारली का गं?’ मी म्हणायची, ‘न्हाई जी.’ रोज नाही, पण पावसाळाभर अधूनमधून हे व्हायचं. दुसऱ्या वर्षी मीसुद्धा जात्याच्या घरघरीत कान देऊ लागले. तिसऱ्या वर्षी एकदा मलाही हाक ऐकू आल्यासारखं झालं, आणि मी इतकी घाबरले की पीठ जाडंभरडं निघालं.

सासरे होते तेव्हा. त्यांना मी मामंजी म्हणायची. भला माणूस, माझ्याशी, बैलांशी, शेजाऱ्यांशी भरपूर बोलायचे. आत्याबाईंशी बोलायचे नाहीत. त्यांच्या हातची भाकर खायचे, त्यांनी भरलेल्या तांब्यातलं पाणी प्यायचे, आणि आत्याबाई हातभर अंतरावर बसलेल्या असताना मला म्हणायचे, ‘सूनबाई, सांगा घरात, कालवणाला मीठ न्हाई.’ मी बाईसाहेब मधे बसून इकडचं तिकडं सांगायची. नवी होते तेव्हा मला ह्या दोघांची गंमत वाटायची. भांडण असेल, मिटेल, असं वाटायचं.

मग माझ्या मालकांनी एकदा शेतात, न्याहारी करताना, मला सगळं सांगितलं. त्यांना एक मोठी बहीण होती, घरात तिला बाई म्हणायचे. जवळा बाजारच्या पलीकडे दिली होती. लग्नात मानपानावरून काही बिनसलं होतं. व्याह्यांना पंगतीत मागं बसवलं की असंच काहीतरी. ते त्यांनी मनात धरलं. दोन वर्षांनी पावसाळ्यात बाजाराच्या माणसांकडून निरोप आला की पोरगी पिवळी पडली आहे. आत्याबाईंनी त्याच सांजेला झाडाला आवतन दिलं, सकाळी झाड आणून ठेवलं आणि व्याह्यांना निरोप धाडला, या आणि मागून न्या. तिकडून उलट निरोप आला, आम्ही कुणाच्या दारात मागायला जात नसतो.

‘मग?’ मी विचारलं.

‘मंग काय. बाबा म्हनले, मी जातो घेऊन. आईनं जाऊ दिलं न्हाई. मागितल्याबिगर दिलं तर औषध वाया जातंय, पोरगी बी जाईल अन् पुढचे बी जातील, म्हनली. रोज नवं झाड आनायची अन् दारात बसायची. आज येतील, उद्या येतील.’ त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला होता. ‘कोनी आलं न्हाई. बाईच्या मैतीचाच सांगावा आला.’

मामंजी त्या दिवसापासून बायकोशी बोलले नाहीत. ते गेले तेव्हाही, शेवटचं पाणी मी पाजलं. आत्याबाई पायांशी बसल्या होत्या. मामंजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, तिकडे पाहिलं नाही. माणूस इतका कडू कसा होऊ शकतो याचा मला तेव्हा फार राग आला होता. आत्याबाईंचाही आला होता. लेक मरत असताना नेम कसला पाळायचा! मी माझ्या मनाशी असं पुष्कळदा म्हणायची. म्हणायला काय जातं! आत्याबाईंच्या दारात आठवड्याला कोणाकोणाची लेकरं बरी व्हायची, आणि ती पुढं बरी होत राहावीत म्हणून त्यांनी आपली लेक दिली होती. निदान त्यांची तशी समजूत होती, आणि त्या समजुतीवरच त्या उभ्या होत्या.

मामंजी गेल्यावरच्या पावसाळ्याची गोष्ट. अठ्ठेचाळीस साल. निजामाच्या राज्यात सगळीकडे गडबड होती. कुठल्या गावाला आग लागली, कुठली माणसं पळाली, अशा बातम्या रोज यायच्या. गावातले तरणे गडी हद्द ओलांडून वऱ्हाडात गेले होते. माझे मालकही गेले. जाताना म्हणाले, ‘बायांना कोनी हात लावत न्हाई आपल्याकडं. महिनाभरात माघारी येतो.’ घरात आम्ही दोघीच उरलो, आणि एक म्हैस.

श्रावणात मला ताप आला. आधी वाटलं हिवताप. मग अन्नाचा वास नको झाला, ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि एका सकाळी आत्याबाईंनी मला दाराच्या उजेडात ओढून डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मी विचारलं, ‘काय जी?’ त्यांनी पापणी सोडली आणि पदरानं बोट पुसलं. एवढ्यावरून मला कळलं.

माझ्या माहेरचं कोणी येणं शक्य नव्हतं. नाका बंद होता. वाशीमकडे जाणाऱ्या एका माणसाच्या हाती माझ्या भावाला निरोप दिला होता, पण तो पोचला की नाही हेही कळायला मार्ग नव्हता. आत्याबाई दिवसातून कितीदा तरी वाटेकडे बघून यायच्या. मला कण्या करून घालायच्या, ताक पाजायच्या, अंग पुसायच्या. खाज इतकी सुटायची की मी भिंतीला पाठ घासायची, तर त्या कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं पाठ धुवायच्या. सगळं करायच्या, आणि शेतात हाकेच्या अंतरावर असलेलं ते झाड तेवढं आणायच्या नाहीत.

मला मरायचं नव्हतं. हे मी आज अगदी सरळ सांगते. मी तेव्हा जेमतेम बाविशीची. मी आत्याबाईंचा पदर धरून म्हटलं, ‘आत्याबाई, द्या ना मला. एकवार द्या.’

त्या म्हणाल्या, ‘रोग्यानं मागितलेलं चालत न्हाई, माय.’

‘मंग मी अशीच मरू का?’

त्यांनी तोंड फिरवलं. पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘तुजा भाऊ यील.’ आणि मला त्या अंथरुणात पडल्यापडल्या कळलं की ही बाई हेच वाक्य आधी कोणासाठी तरी म्हणून बसलेली आहे. त्या दिवसापासून मला त्या घरात मी एकटीच आजारी आहे असं वाटेना. कोपऱ्यात दुसरं अंथरूण असावं आणि त्यावर त्यांची ती लेक, माझ्याच वयाची, पडून असावी, असं वाटायचं. आत्याबाई माझ्याकडे येतायेता मधेच थबकायच्या, तेव्हा त्या आम्हा दोघींपैकी कोणाकडे आल्या आहेत याची मला खात्री नसायची.

पुढं मला ग्लानी येऊ लागली. दिवस कुठला, वार कुठला, कळेना. लघवी काळ्या चहासारखी. एकदा जागी झाले तर सांज झालेली, आणि आत्याबाई सुपातून तांदूळ मुठीत घेऊन बाहेर निघालेल्या. दुसऱ्या हाताच्या बोटाला कुंकू. मला वाटलं, कोणा रोग्याचं आलं असेल मागणं.

सकाळी उठले तेव्हा पाट्यावर धुतलेल्या भुईआवळीची जुडी होती. मुळांना अजून पाणी होतं. शेजारी ताकाची वाटी झाकून ठेवलेली. आत्याबाई घरात नव्हत्या. मी हाक मारली, ओ आली नाही. म्हशीकडे नव्हत्या, अंगणात नव्हत्या. झापा उघडा होता. बाहेर बारीक पाऊस लागला होता. मी एकटी पडून राहिले, आणि मनात आलं, म्हातारी गेली मला टाकून. त्या वेळी मला जेवढी भीती वाटली तेवढी पुढं आयुष्यात कधी वाटली नाही.

बऱ्याच वेळानं दारातून हाक आली, ‘घरात कोन हाय?’

ती हाक मी पूर्वी ऐकली होती, रिकाम्या अंगणातली. मी पांघरूण तोंडावर ओढलं. पुन्हा हाक आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा आवाज कापत होता, आणि भुताचा आवाज कापत नसावा असं मला वाटलं. मी सरपटत दाराशी गेले.

उंबऱ्याबाहेर, पायरीच्या खाली, आत्याबाई उभ्या होत्या. डोक्यावरून पदर ओढलेला, पावसानं भिजलेला. पायांना घोट्यापर्यंत लाल चिखल, म्हणजे गावाच्या शिवेवरचा. आमच्या आळीत काळी माती. नजर खाली.

‘आत्याबाई, आत या की. भिजून राहिल्या तुमी.’

त्या आल्या नाहीत. वरही पाहिलं नाही. म्हणाल्या, ‘काविळीच्या औषधाला आले माय. लांबून आले.’

मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं किंवा माझं. मी उंबऱ्याला धरून बसले. त्या पुन्हा म्हणाल्या, ‘औषधाला आले.’ आणि मग दबक्या आवाजात, आपल्या नेहमीच्या आवाजात, ‘विचार की गं. नातं विचार.’

तेव्हा मला समजलं. मागणारी त्या होत्या, शिवेपासून चालत आलेली परकी बाई. आणि आत असलेलं माणूस मी होते, म्हणून देणारी मी. मी विचारलं, ‘रोगी तुमचं कोन?’

त्यांचे ओठ नुसते हलत होते. पाऊस पदरावरून हनुवटीवर ओघळत होता. मग त्या म्हणाल्या, ‘लेक हाय माजी.’ आणि एवढं बोलून त्यांना रडू फुटलं. सात-आठ वर्षं मी त्या बाईबरोबर राहिले होते, मामंजींच्या मैतीलाही त्यांचे डोळे कोरडे होते. मी तिथं बसून ऐकत राहिले. ही कोणत्या लेकीसाठी मागते आहे हे मी विचारलं नाही. आतल्या माणसानं एकच प्रश्न विचारायचा असतो.

मग मला ते वाटावं लागलं. वरवंटा उचलवेना. मी तो पाट्यावर नुसता पुढं-मागं ढकलत होते, मधे थांबत होते, कपाळ पाट्याला टेकून श्वास घेत होते. घाम इतका आला की लुगडं पिवळट झालं. आत्याबाई पायरीखाली उभ्या होत्या. दोन पावलं पुढं येऊन माझ्या हातून वरवंटा घ्यावा असं त्यांना वाटत नसेल का? त्यांचे हात पदराखाली एकमेकांना आवळत होते, ते मला दिसत होतं. पण त्या आल्या नाहीत. मी पिळलं, ताकात घातलं, वाटी दोन्ही हातांनी उंबऱ्यावरून पुढं केली. अर्धं सांडलं. त्यांनी वाटी घेतली, पाठ फिरवली, आणि कुंपणाच्या बाहेर गेल्या.

झाप्याबाहेर त्या किती वेळ उभ्या राहिल्या कोण जाणे. मग आत आल्या. ह्या वेळी सरळ उंबरा ओलांडून, घरच्या बाईसारख्या, भराभरा. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी तोंडाला लावली. इतकं कडू होतं की जीभ मागं गेली. ‘गीळ,’ म्हणाल्या. ‘समदं गीळ, माजे बाई.’

आणखी दोन सकाळ असंच झालं. शिवेपर्यंत जायचं, माघारी यायचं, हाक मारायची. तिसऱ्या सकाळी मला वरवंटा थोडा उचलता आला.

मग मी बरी होऊ लागले. आधी ओकारी थांबली. मग एक दिवस भाकरीचा वास बरा वाटला. आत्याबाई रोज मला दाराच्या उजेडात न्यायच्या, पापणी ओढून बघायच्या, विचारायच्या, लघवी कशी हाय. मी आनंदानं सांगायची, आज बरी आहे, आज उजळ आहे. मला वाटायचं त्यांना बरं वाटत असेल. पण मी जसजशी सुधारत गेले तसतशा त्या खचत गेल्या. ताटात वाढून घ्यायच्या आणि तसंच म्हशीला घालायच्या. माझ्याकडे बघताबघता त्यांची नजर माझ्यावरून सुटायची. मला वाटलं, माझी कावीळ त्यांच्यात गेली की काय. मी त्यांचे डोळे पाहिले, तर ते पांढरे स्वच्छ होते.

भादव्यात निजामाचं राज्य गेल्याची बातमी आली. गावात लोकांनी एकमेकांना गूळ वाटला. मालक परत येतील म्हणून मी अंगण सारवायला काढलं. त्या सकाळी आत्याबाईंनी मला हात धरून दाराशी नेलं, पापणी ओढली, आणि बराच वेळ बघत राहिल्या. ‘पांढरे झाले,’ म्हणाल्या. पण माझी हनुवटी त्यांनी सोडली नाही. बोटं गार होती.

‘म्हंजे असंबी चालत व्हतं,’ त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. मी म्हटलं, ‘काय जी?’

त्यांनी माझी हनुवटी सोडली आणि पायरीवर बसल्या. रस्त्याकडे बघत बोलत होत्या, माझ्याशी बोलत होत्या असं म्हणवत नाही. ‘बाई आजारी व्हती तवा मी रोज शिवंपोतर जायची. तिच्या सासरचं कोनी यिऊन राहिलं का बघायला. झाडाखाली बसायची, दिवस वर आला की माघारी यायची. माघारी यिऊन हितंच उभी राहायची, या पायरीखाली. आत जावं वाटत नव्हतं. तुजे मामंजी घरातच असायचे. झाड पाट्यावर व्हतं. ते आत व्हते. मी भाईर व्हते. मी निस्ती हाक मारली असती तर त्यांनी ओ दिली असती गं. त्यांनी वाटून दिलं असतं. अन् मी घिऊन गेले असते, लेक माजीच व्हती.’

मी शेणाच्या हातांनी तशीच उभी होते. त्यांच्या खांद्याला हात लावावा असं फार वाटलं. मी एक पाऊल पुढं टाकलं, आणि त्यांनी वर पाहिलं. माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. मी तिथंच थांबले. मालक यायचे होते, आता घर पुन्हा भरायचं होतं, आणि त्या घरात रोज सकाळी उठून त्यांना मला बरी झालेली बघावं लागणार होतं.